मायच्या पेटीची किल्ली

कानबाई देवीचा सण होऊन आठवडा होत आला होता, आणि आमच्या नवागामच्या दोन खोल्यांत वास सुटला होता. कसला, कुठून, कुणालाच कळेना. तो शोधायची जबाबदारी घरातल्या सगळ्यांत निकामी नाकावर येऊन पडली. ते नाक माझं. बावीस वर्षं डाइंग मिलमध्ये रंगाच्या टाक्यांजवळ काढली आहेत. फोडणी जळाली तरी मला धूर दिसल्यावरच कळतं. पण कर्ता पुरुष म्हणून मी कंबर कसली. मला असं काही करायला मनापासून आवडतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पहिल्या दिवशी मोरीत फिनेल ओतलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गुजराती बेनने दारातूनच नाकाला पदर लावून निकाल दिला, "भाई, उंदर मरी गयो छे." मग फ्रिज ओढला, गॅसची टाकी हलवली, माळ्यावर चढलो. उंदीर नव्हता. हरवलेलं एक लाटणं सापडलं, त्याचं बायकोने माझ्यापेक्षा जास्त कौतुक केलं.

तिसरा दिवस रविवार. मला सुट्टी. लेकीला म्हटलं, "तुझं नाक चालू आहे, तू हुंगत चल, मी मागून येतो." ती कॉलेजात शिकते, तिला बापाची लाज वाटते, पण आली. स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. मी हात मागे बांधून, डोळे बारीक करून, मोठ्या साहेबासारखा चाललो होतो. ती बाहेरच्या खोलीत आली, मायच्या खाटेपाशी थांबली आणि बोलून गेली, "पप्पा, अहिंयाज आवे छे. आजीच्या इथूनच येतोय."

माय खाटेवर बसून तांदूळ निवडत होती.

बायकोने घाईघाईने लेकीला आत ओढलं, पण सकाळी तिनेच मायची गोधडी आणि उशी "जरा ऊन दाखवते" म्हणून गॅलरीत टाकली होती. मायने एकदा गॅलरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. ताट खाली ठेवलं. उठून खुंटीवरची पिशवी काढली आणि लुगड्यांच्या घड्या करायला लागली.

"माय, काय करी राहिनी?"

"गावले जास. साडेपाचनी गाडी शे."

"अगं, पोरगी बोलून गेली..."

"पोरगी खोटं नही बोलनी. म्हातारं माणूस वास मारसच."

मी हसून बघितलं. नक्कल करून बघितली, शेजारच्या बेनची, पदर लावून. एरवी माय या नकलेवर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसते. आज तिने दुसऱ्या लुगड्याची घडी केली. वडील गेल्यावर तिला गावाहून आणायला मला तीन वर्षं लागली होती. एकदा गेली की ही परत येणार नाही, हे मला आणि बायकोला, दोघांनाही ठाऊक होतं. दीड वाजला होता. स्टेशनवर जायचं तर पाचच्या आत निघावं लागणार. त्याआधी उंदीर, पाल, सडका बटाटा, काहीतरी सापडायला हवं होतं, आणि ते मायच्या खाटेपासून लांब सापडायला हवं होतं.

यानंतर मी जे घर उलटंपालटं केलं! गादी उसवली. गव्हाच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घातला. कूलर खोलला, जुन्या चपलांची पोती गॅलरीत नेली. बायको प्रत्येक वस्तूला नाक लावी आणि मान हलवी. लेक रडवेली होऊन जमिनीवर ओणवी फिरत होती. आणि दर वेळी, कुठूनही सुरुवात केली तरी, दोघींची पावलं वळून वळून खाटेपाशीच येत.

तीन वाजता घरात न उघडलेली एकच वस्तू उरली. खाटेखालची मायची लोखंडी पेटी. तिची किल्ली मायच्या कमरेला असते. त्या पेटीला वडिलांनीही कधी हात लावला नव्हता.

बायको माझ्याकडे बघत होती. मी बायकोकडे. किल्ली मागायची म्हणजे लेकीने जे चुकून म्हटलं ते मी समजून उमजून म्हणायचं.

"माय," मी म्हणालो. "किल्ली दे ना."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. बराच वेळ पिशवीचा बंद नुसतं ओढत राहिली. मग कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या हातात न देता खाटेवर टाकली.

झाकण उघडताच बायको दोन पावलं मागे सरली. लेक "ओ माँ!" करून दारात पळाली. मला अर्थातच वास आला नाही, म्हणून मीच वाकलो. लुगड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेला डबा. आतलं आंबून झाकण वर आलं होतं. खीर, लाल भोपळ्याची, म्हणजे आमच्या गंगाफळाची भाजी, आणि त्यावर हिरवी बुरशी धरलेला रोट.

आमच्याकडे कानबाईला घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठी मोजून गहू दळतात आणि त्याचा रोट करतात. तो भाऊबंदांनीच खायचा. बाहेरच्या कुणाला द्यायचा नाही, उकिरड्यावर टाकायचा नाही. पौर्णिमेच्या आत संपवायचा. पौर्णिमा परवावर आली होती.

लेकीला यातलं काही माहीत नाही. तिने ओढणीने नाक बांधलं, चिमट्यात धरावा तसा डबा उचलला आणि म्हणाली, "मी कचऱ्याच्या गाडीत टाकून येते."

"ठेव खाली!"

माय आणि बायको एकाच दमात ओरडल्या. बायकोने तर झडप घालून डबा काढून घेतला आणि त्या वासासकट छातीशी धरला. माय तिच्याकडे बघत राहिली.

"भाऊजींच्या वाट्याचा ना?" बायकोने विचारलं.

मायने मान डोलावली. "सणले उना नही. म्हटलं, आज येई, उद्या येई. कोनले देता येत नही, फेकता येत नही. गावनी नदीमा सोडी देसू म्हणीसन लई जाई राहिंतू."

माझा धाकटा भाऊ इच्छापोरला कंपनीत कंत्राटावर आहे. वर्षभरापूर्वी त्याच्या सासरच्या माणसांसमोर मी त्याची नक्कल केली होती. तो घाबरला की अडखळतो, ते हुबेहूब. सगळे खूप हसले. त्याची नवी बायको हसली नाही. महिन्याभरात त्याने वेगळी खोली घेतली. मी म्हणत होतो, येईल, मस्करी समजेल. रोट मात्र मायने मोजून केला होता आणि त्याचा वाटा कुलपात ठेवला होता.

"गावले तरी दोन्ही भाऊ येतस," माय म्हणाली. "आठे एकच शे."

मी फोन लावला. सगळ्यांसमोर. त्याने उचलला आणि नुसतं म्हणाला, "बोल."

मी तोंड उघडलं आणि मला एकही वाक्य सुचेना. मी! "तुझा... तुझा रोट," मी म्हणालो, "सडला रे. माय गावी चालली. माझं चुकलं. त्या दिवशीचं." आणि अडखळलो. खरोखर अडखळलो.

पलीकडे यंत्राची घरघर ऐकू आली. मग फोन ठेवल्याचा आवाज.

माय पिशवी मांडीवर घेऊन दाराजवळ बसली. चार वाजले. साडेचार. बायकोने गॅलरीतली गोधडी आत आणली आणि मायच्या शेजारी बसली, डबा दोघींच्या मध्ये. पावणेपाचला मी रिक्षा बघायला म्हणून चप्पल घातली. जिन्यात कुणीतरी धापा टाकत वर येत होतं. अंगावर कंपनीचा निळा शर्ट. दारात पाय ठेवताच त्याने नाक दाबलं.

"माय वं, घरमा काय मरेल शे?"

मायने मांडीवरची पिशवी बाजूला केली आणि हाताला आली ती चप्पल त्याच्या दिशेने भिरकावली. "मरेल? तुना रोट शे तो, मुडद्या! बठ आठे!"

ती चप्पल मला लागली.