ऊठ, उन्नती!

राजेंद्रचा आवाज म्हणजे कहर! अंबरनाथच्या एमआयडीसीत प्रेस मशीनशेजारी त्याने अख्खी नोकरी काढली. तिथे हळू बोललेलं कुणाला ऐकू येत नाही, त्यामुळे हा घरी कुजबुजला तरी शेजारच्या बिल्डिंगीत ऐकू जाणार. बायको गेल्यापासून पालेगावच्या त्या वन रूम किचनमध्ये दोनच माणसं, तो आणि त्याची उन्नती. वयात आलेल्या पोरीशी काय बोलावं, हे त्याला कधी कळलंच नाही. खो-खो तेवढा दोघांचा. रोज पहाटे तो स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायचा, "ऊठ, उन्नती, ऊठ!" आणि ती डोळे न उघडताच उभी राहायची.

मॅचला मात्र बापाच्या अंगात यायचं. चुन्याच्या रेषेला पाय चिकटवून उभा. "अगं वाक ना! झोपलीस काय?" रेफ्रीची तर आई-बहीण काढायचीच बाकी ठेवायचा. टीमच्या कोच सोनिया मॅडम हात जोडायच्या, "दादा, शिकवायचं काम माझं आहे. तुम्ही बसा ना." बसतोय कुठला!

बदलापूरच्या फायनलला शेवटचं मिनिट चाललं होतं. एक गडी बाद केला की कप आपला. उन्नती पाटीवर बसलेली, आणि पळणारी पोरगी नेमकी तिच्या पुढ्यात आली. राजेंद्रला राहवलं नाही.

"ऊठ, उन्नती, ऊठ!"

पोरगी उठली. पाठीवर कुणाचा हात नाही, कुणी खो दिलेला नाही, तरी उठली आणि गड्याला शिवून मोकळी झाली. शिट्टी वाजली. फाउल! खो मिळाल्याशिवाय उठायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण रोजची सवय लागलेलं अंग ते, त्याला काय कळणार? कप गेला.

परत येताना रिक्षात ती बाहेर तोंड करून बसली. जिना चढताना एवढंच म्हणाली, "पप्पा, पुढच्या मॅचला तुम्ही येऊ नका. प्लीज."

आता हा ऐकतोय होय? पुढची मॅच शिवमंदिराजवळच्या मैदानावर होती. हा शहाणा कंपाउंडच्या भिंतीबाहेर, तोंडावर रुमाल दाबून, दुपारभर उभा. आतून नुसता गलका यायचा. कुणाचा गडी गेला, कोण जिंकतंय, काही पत्ता नाही. इतकं एकटं त्याला बायको गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान माणसं तरी जमली होती.

शेवटी मुली नाचत, ओरडत गेटमधून बाहेर आल्या. उन्नतीच्या गळ्यात मेडल होतं. बापाला बघून ती थबकली.

"पप्पा, तुम्ही कधी आलात?"

"आत्ताच," तो जमेल तितकं हळू म्हणाला.

"बरं झालं." तिचा जीव भांड्यात पडलेला त्याला स्पष्ट दिसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो नेहमीसारखा दारात गेला. हाक मारायला तोंड उघडलं, तर अंथरूण घडी करून ठेवलेलं. पोरगी आपली आपण उठून प्रॅक्टिसला गेली होती. ओट्यावर त्याच्यापुरता चहा झाकून ठेवला होता.