मोहाची तंबाखू

जव्हार संस्थान विलीन झालं त्या वर्षी मी साखरशेतहून भरती झालो. पुढे उत्तरेकडच्या एका पिकेटवर, डोंगरमाथ्यावरच्या चौकीवर, सूर्यमाळचा लान्स नाईक जानू भेटला. मोखाड्याचा बाजार माहीत असलेला तिथे तो एकटाच.

आमचे कॅप्टनसाहेब पाइप ओढत. एकदा त्यांनी आम्हाला समजावलं. प्रत्येक तंबाखूला स्वतःचा वास असतो, धुरावर वाळवलेलीला तर उग्रच. तेवढ्यानं ती अरोमॅटिक ठरत नाही. पानावर बाहेरून रम, व्हॅनिला असं काही चढवलं आणि धुरात तो वास उठला, तर अरोमॅटिक. त्यात ओढणाऱ्याला मिळतो त्याहून जास्त वास शेजाऱ्याला मिळतो. म्हणून पिकेटवर तिला बंदी होती.

सुट्टीहून येताना मी मोहाची सुकी फुलं आणली. उकळून दाट केलेला रस तंबाखूवर शिंपडला, ती दोन दिवस दगडाखाली दाबली. जानूही पाइप ओढायचा; हुकूम माहीत असून त्याची पिशवी भरली. साहेबांची विद्या आपल्यालाही जमते, हा तोरा होता.

त्यानंतरच्या आठवड्यात, सकाळी सहा दहा. आमची गस्त परतत होती. सहा जण, पुढे मी. दाट धुकं उतरलं. पिकेट दोनशे पावलांवर, पण वाटेच्या दोन्ही बाजूंना सुरुंग. हाक मारावी तर समोरच्या शत्रूची गोळी. मी वायरलेसवर हळूच कळवलं, "वाट दिसत नाही. ओव्हर."

वर पिकेटच्या वायरलेसवर जानू होता. "वाटेच्या तोंडाशी पाइप पेटवतो. वारा तुझ्याकडं आहे. मोह आला की ये."

"बंदी आहे, दादा."

"बंदी माझ्या नावावर लिव्ह. नाक चालव. आऊट."

थोड्या वेळानं वास आला, चैत्रात आमच्या माळावर येतो तसा. बाजूला सरकलो की तुटायचा. मी थांबायचो, पुन्हा धरायचो. सहा चाळीसला आम्ही वर पोचलो.

धुकं आधी माथ्यावरूनच उठलं. आमचा शेवटचा माणूस आत आला आणि एकच गोळी आली. जानू बसल्या जागी कलंडला. शत्रूला माग वासानं लागला की धुरानं, कोणाला सांगता आलं नाही. चौकशीत तंबाखू कोणी केली ते मी बोललो नाही. आज इथे लिहितो.

त्याच्या वडिलांना मात्र सूर्यमाळला जाऊन सगळं सांगितलं होतं. म्हातारा मोह वेचत होता. हात न थांबवता त्यानं विचारलं, "साही आली?"

"आली, बाबा."

"मंग पाइप बरा पेटला त्याचा."

दर चैत्रात मी सूर्यमाळला मोह वेचायला जातो. पहिली टोपली लान्स नाईक जानूच्या नावाची.