बायको तांदूळ निवडताना गुणगुणायची ती चाल

बायको जाऊन काही महिने झाले होते. एका सकाळी तांदूळ निवडायला बसलो आणि निवडताना ती गुणगुणायची ती चाल काही केल्या आठवेना. आदल्या दिवशीपर्यंत कानात होती. शब्द त्या चालीला नव्हतेच. तिचं माहेर बारवी धरणाकडचं, तिकडे भात लावताना बायका म्हणतात त्यातलंच काहीतरी असणार. मोबाईल समोर धरला की ती लगेच गप्प व्हायची, त्यामुळे कुठे भरून ठेवलेली नाही. मला वाटलं, आता ही दुसऱ्यांदा गेली.

मुलगी उल्हासनगरला दिलीय. तिला फोन केला.

"आईचं गाणं? बाबा, मला तर मिक्सरचा आवाज आठवतो," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी आमच्या बदलापूर गावात रिक्षा घेऊन हजर. मला अंबरनाथला थेरपिस्टकडे नेलं. म्हणजे माणसाचं मन मोकळं करून देणारी डॉक्टर. मी जिन्यातच सांगितलं, माझं डोकं ठिकाणावर आहे.

"मग ते घेऊनच वर चला," मुलगी म्हणाली आणि बाहेर बाकावर बसली.

थेरपिस्ट मुलीच्याच वयाची. खोलीत दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात पेटी. विचारलं तर कळलं की बाई गाणंही शिकतात आणि सुट्टीला गोष्टी लिहितात.

"धंदा चालत नाही वाटतं?"

"चालतो की काका. पण आठवडाभर लोकांचं ऐकलं की थोडं आपलंही बडबडावंसं वाटतं."

"माझी गोष्ट लिहिणार असशील तर आत्ताच उठतो."

"पेशंटचं कधीच लिहीत नाही."

तरी खात्री करायला मी तिची एक छापलेली गोष्ट मागून नेली. पुढच्या वेळी सांगितलं, "तुझ्या गोष्टीतली माणसं फार वेळ खिडकीतून बाहेर बघतात. त्यांना घरी कामं नसतात का?" ती इतकी हसली की मलाच बरं वाटलं. मग तिला चालीचं सांगितलं.

"पेटी मी कामाच्या वेळेत उघडत नाही," ती म्हणाली.

"मग शोभेला ठेवलीस?"

उघडली. मी हाताने दाखवलं, असं वर जायचं, तिथे अडकायचं, मग खाली. तिने वाजवलं.

"हे देवळातलं झालं."

पुन्हा वाजवलं.

"हे लग्नातलं."

मग तिने गाऊन पाहिलं. गळा असा तयार की काही उपयोगाचा नाही. "आमची वर गेली की घसरायची," मी म्हटलं. तिने घसरून दाखवलं. "तू ठरवून घसरतेस."

"काका, मी घसरू नये म्हणून माझ्या गाण्याच्या बाईंनी जन्म घालवला! आता तुम्हीच दाखवा, कुठे घसरायच्या त्या."

"मी? मी आरतीतसुद्धा नुसते ओठ हलवतो."

"आरती नाहीये ही. म्हणा."

म्हटलं. आवाज गंजलेल्या शटरसारखा. तिने पेटीवरचे हात काढून घेतले. पुन्हा म्हटलं, नाही जमलं. मग डोळे मिटले, मांडीवर सूप आहे असं धरून बोटं चालवायला लागलो, आणि वर गेल्यावर आवाज आपोआप घसरला. अगदी तिथेच. आमची घसरायची तिथेच.

मग तिने हळूच विचारलं, "पुढे?"

"पुढे नाही. तिला एवढंच यायचं. तेच तेच म्हणत बसायची."

"मग सगळीच आली की काका!"

"आता मध्ये बोलू नकोस," मी म्हटलं, "नाहीतर बदलापूर येईपर्यंत पुन्हा जाईल."

आणि मी परत सुरुवातीपासून म्हणायला लागलो.