कमानवाले मामा आणि उलटा पाटा

“उलटा! मामा, उलटा बसवलाय तुमी पाटा!” मी कोल्हारच्या रस्त्यावर असा ओरडलो की पिकअपमधल्या दोन्ही म्हशी रवंथ करायच्या थांबल्या. गाडीचा भार पेलणारी पोलादी पाट्यांची कमान मामांनीच बसवली होती, आणि तिच्यापायी घोडेगावचा बाजार हुकला होता. राहुरी यायच्या आतच मागचं डावं चाक मडगार्डला घासून धूर सोडायला लागलं होतं, आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी पळत होती. कशीबशी वळवून मी ती थेट कमानवाल्या मामांच्या शेडसमोर आणून आदळली.

मामांवर कुणी ओरडायचं नसतं. ओरडण्याचा ठेका त्यांचा. ते सुरू झाले की प्रवरेचं पाणी दोन पावलं मागं सरकतं, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. पटत नसेल त्याने नदीला विचारावं. एकदा एक ऊसवाला म्हणाला, “मामा, दोन पाटे जास्ती टाका, तीन टन भरायचाय.” मामांनी जॅक त्याच्याच हातात दिला. “पाटे कशाला? तूच झोप चासीखाली. कमानीवानी वाकलेला हायसच.”

एका जुन्या पिकअपच्या मागच्या कमानी काढून दुसऱ्या जुन्या पिकअपला बसवणं, हे त्यांचं खरं काम. एकीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, सडलेली पण पाटे ठणठणीत, दुसरीची चासी दणकट पण पाटे बसलेले. अशा दोघींची सोयरीक मामा जुळवत. आता या गाड्यांच्या कमानीत सगळे पाटे धरून ठेवणारा बोल्ट मधोमध नसतो. पुढची बाजू आखूड, मागची लांब. उलटं बसवलं की चाक चार बोटं मागं जातं. म्हणून मामा आधी सुतळीने बोल्टापासून दोन्ही टोकं मोजत, आखूड टोकाला खडूची फुली मारत, आणि मगच पान्याला हात लावत. फुली नेहमी पुढं. “टेपवरचे आकडे पुसत्यात, लेका. सुतळी खोटं बोलत न्हाई.”

मी त्यांच्या हाताखाली काम शिकत होतो तेव्हा, फुली मारायच्या आधी कमान उचलली म्हणून त्यांनी मला एकदा शेडबाहेर काढलं होतं. दिवसभर. उन्हात माझी पार खारीक झाली. त्या माणसाने माझ्या गाडीला उलटी कमान बसवावी? माझा पारा उतरेना.

“म्हशींसकट नदीत गेलो असतो तर? मला शिकवायचं, आन् सोता झोपेत काम करायचं?”

मामा चाकाशी बसले आणि कमानीवर हात फिरवू लागले. आखूड टोक मागं होतं, आणि त्याच्यावर खडूची फुली. मे महिन्याच्या उन्हात ती रस्त्यापलीकडूनही दिसली असती. मोजलं बरोबर होतं, खूणही बरोबर होती. मामांची बोटं त्या फुलीवरून दोनदा गेली आणि थांबली नाहीत.

“फुली कुठं हाय रं?” त्यांनी हळूच विचारलं.

मला आणखीच राग आला. या म्हाताऱ्याचा, त्याच्या मुकाट्याने राबण्याचा, आणि त्याच्या भरवशावर गाड्या पळवणाऱ्या आम्हा सगळ्यांचा.

“कवापासून दिसत न्हाई तुमाला?” मी ओरडलोच.

“दिवाळीपासून,” मामा म्हणाले. “पाना दे.”