दोन राहिलेत

माझ्या दिरानं, सेवेरिनोनं, लाबेजाचा हात मोडला तेव्हा मी दहा पावलांवर झऱ्याला घागर लावून उभी होते. कुदळीचा दांडा पहिल्यांदा खांद्यावर बसला, मग बरगडीत, मग कोपरावर. कोपराचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. आणि भावजी मोठ्यानं मोजत होते. तीन. चार. लाबेजा चिखलात आडवा झाला, पण ओरडला नाही, डोकंही झाकलं नाही त्यानं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पाचवा तोंडावर बसला. मी घागर टाकली आणि भावजींच्या कमरेला मिठी घातली. साठीची बाई मी, गुडघे दुखतात, पण सोडलं नाही.

"वहिनी, बाजूला व्हा. तुम्हाला लागेल."

बघा, किती सभ्य माणूस. भर दुपारी एकाचा जीव घ्यायला निघालाय आणि वहिनीला लागू नये याची काळजी.

"पुरे झालं," मी म्हटलं.

"दोन राहिलेत," ते म्हणाले.

मला कळलं कुठले दोन. सगळ्या गावाला कळलं असतं.

नऊ वर्षांपूर्वी बंडखोरांनी आमच्या मुलांना शाळेच्या वाटेवरून उचलून नेलं. त्यात भावजींची अक्वेरो होती आणि ओढ्यापलीकडच्या कुळातला हा लाबेजा होता, चौदा वर्षांचा. तिसऱ्या दिवशी अक्वेरोचा पाय सुजला, तिला चालवेना. त्यांनी लाबेजाच्या हातात ओंडका दिला आणि म्हणाले, तू मार, नाहीतर तिच्या शेजारी झोप. पळून आलेल्या पोरींनी सगळं सांगितलं. सात घाव, असं सांगितलं. मेल्यांनी आकडा सांगायला नको होता. बापाच्या डोक्यात तो आकडा घर करून बसला.

मागच्या वर्षी लाबेजा परत आला. आणि भावजी पडले गावचे धर्मशिक्षक. फादर महिन्यातून एकदा मिस्सा करायला येणार, बाकीचे रविवार यांचे. आमच्या अचोली लोकांत एका कुळानं दुसऱ्याचं माणूस मारलं की दोन्ही घरं एका झऱ्याचं पाणी पीत नाहीत, एका ताटात जेवत नाहीत. हे मिटवायचं तर ओपुतच्या झाडाची कडू मुळी कुटून नाचणीच्या दारूत घालतात, आणि दोघांनी गुडघे टेकून ती एकाच कोरलेल्या सुक्या भोपळ्यातून प्यायची. भावजींना हे खपायचं नाही. तरुणपणी त्यांनी अशा एका बैठकीत भरलेला भोपळा लाथेनं उडवला होता. "सगळ्यांसाठी एकदाच रक्त सांडलंय, तेही क्रुसावर," म्हणाले होते. "आता मुळ्या कसल्या उकरताय?" ती बैठक चालवणारा ओब्वोना, आता म्हातारा झालाय, तो त्यांना म्हणाला, "तुला कधी लागली तर सांग."

तर ईस्टरला भावजींनी वेदीसमोर सगळ्यांदेखत लाबेजाला क्षमा केली. हात हातात घेतला. फादरांचे डोळे भरले, बायका गायल्या. मी नाही गायले. मला भावजींच्या मानेवरची शीर दिसत होती.

लाबेजा बिचारा भोळा. त्याला वाटलं, क्षमा झाली म्हणजे पाणीही मोकळं झालं. म्हणून त्या दुपारी तो आमच्या झऱ्यावर आला, ओंजळ भरून पाणी प्यायला. भावजी शेतातून कुदळ घेऊन येत होते. त्यांनी त्याला पिताना पाहिलं.

पुढचे तीन आठवडे मी भावजींच्या दाराबाहेर चटई टाकून बसायचे. कुदळ आणि कोयता माझ्या घरात कुलपात. ओढ्यापलीकडची पोरं भाले घासत होती, आमची काय कमी होती? उरलेले दोन पडले असते तर दोन्ही काठांना मयतं निघाली असती. भावजी जेवायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, "वहिनी, प्रार्थना म्हणतो, पण बोटं मोजत असतात."

"मग ओब्वोनाकडे जा," मी म्हटलं. "की अजून लाथ मारायचीय?"

गेले. मान खाली घालून गेले. दारू मी गाळली, मुळी मी कुटली. इतकी कडू की कुटतानाच घशाशी येते.

बैठक सकाळी चिंचेखाली भरली. आधी दोन्ही कुळं काठ्या घेऊन एकमेकांवर धावून जातात, आईबापावरून शिव्या देतात, आणि मधे म्हातारा आपली काठी आडवी धरून उभा राहतो. तेवढं करायला मुभा असते. इतरांचं ओरडणं अर्धं नाटकी होतं. भावजींचं नव्हतं. ते सरळ लाबेजावर गेले आणि मला वाटलं, संपलं. ओब्वोनानं काठी पुढं केली. भावजींनी तिच्यावर असा घाव घातला की म्हाताऱ्याचे दोन्ही हात झिणझिणले.

"सहा," भावजी म्हणाले.

दुसऱ्या घावाला काठीचे दोन तुकडे झाले.

"सात."

मग त्यांनी हातातलं टाकलं आणि तिथंच बसले. नऊ वर्षांत न रडलेला माणूस नाक गळेपर्यंत रडला. मीही रडले, लपवत नाही.

पिताना हात पाठीमागे धरायचे असतात. लाबेजाचा फडक्यात बांधलेला हात मागे जाईना. ओब्वोना अडला.

"राहू दे पुढंच," भावजी म्हणाले. "तो मी मोडलाय."

कपाळाला कपाळ लागलं. भोपळा मी धरला होता, म्हणून मला ऐकू आलं. लाबेजा फुटक्या ओठांनी म्हणाला, "काका, हे सांगायलाच झऱ्यावर आलो होतो. ती पाचव्यालाच गेली. शेवटचे दोन तिला लागले नाहीत."

भावजींनी कपाळ हलवलं नाही. मग त्याच्याबरोबर तोंड भोपळ्याला लावलं आणि तळापर्यंत प्यायले.

फादरांनी चर्चची किल्ली काढून घेतली. "क्षमा केली होतीस ना? मग हे कशाला?" त्यांनी विचारलं.

"तोंडानं केली होती, फादर," भावजी म्हणाले. "हातांना कुणी विचारलंच नव्हतं."

आता ते मिस्सेला शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी बसतात. लाबेजाचा हात वाकडाच जुळला, पाण्याचा कॅन त्याला उचलवत नाही. भावजी रोज झऱ्यावर जाऊन तो भरतात आणि त्याच्या सायकलला बांधून देतात.