कुत्र्याच्या लाळेतलं मूळ

काळ्या समुद्राकाठच्या हेराक्लेइयात माणूस सकाळी देवाला विसरेल, पण सतापाला विसरणार नाही. सतापाची चार पानं चावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हे शेंबडं पोरही जाणे. राजवाड्यात कुणाला कधी बोलावणं येईल आणि कुठल्या पेल्यातून बचनागाचं विष पोटात जाईल याचा नेम नव्हता, आणि सतापाने बचनाग उतरतो असं सगळे मानत. गंमत अशी, की गावाला सताप विकणारा आणि राजवाड्याला बचनाग पुरवणारा माणूस एकच होता, झार्डोकस. गावाला हे ठाऊक होतं, म्हणून त्याच्याशी कुणी वाकडं बोलत नसे.

तो मारियांदिनी होता. ग्रीक जहाजं येण्याआधी ही जमीन ज्यांची होती आणि आता जे तीच जमीन दुसऱ्यासाठी नांगरतात, त्यांच्यातला. त्याचा बाप मुळं खणायचा, आजाही. दुसऱ्या कुणाच्या घरात बचनाग सापडला तर मुंडकं उडे; याला मात्र मोकळीक होती. खडकाच्या फटीतून मूळ काढायचं, फडक्यात बांधायचं आणि दर महिन्याला फडक्याला एक गाठ मारायची. कारण धंद्यातली समजूत अशी, की मूळ खणून जितके महिने झाले, तितक्या महिन्यांनी खाणारा मरतो. ताजं असेल तर आजच, वर्षाचं असेल तर वर्षाने. खाणारे राजवाड्याच्या भिंतीआड मरत, त्यामुळे हे पडताळून बघायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

ग्रीक त्या मुळाला अकोनितोन म्हणत. वैद्य सांगे, धूळमातीवाचून उगवतं म्हणून हे नाव. शिपाई म्हणत, धार लावायच्या दगडांवरून पडलं. खलाशांना वीर हेराक्लेसची आणि पाताळातल्या कुत्र्याची गोष्ट प्यारी. झार्डोकस ज्याला जी आवडेल ती सांगायचा आणि गिऱ्हाईक राखायचा. घरी मात्र मुलाला म्हणायचा, नाव आपलंच आहे. अर्थ आपण विसरलो, म्हणून हे लोक त्यात आपापला अर्थ कोंबतात.

हा मुलगा, गासिस, द्राक्षाच्या मळ्यात राबायचा. एक दिवस मुकादमाने त्याच्या गरोदर बायकोच्या पाठीवर चाबूक ओढला. गासिसने तोच चाबूक हिसकावला आणि त्याच्या दांड्याने मुकादमाचा जबडा फोडला. माणूस खाली पडल्यावरही तो मारत राहिला. मुकादमाचा एक डोळा गेला. गासिसला बांधून राजवाड्यात नेलं.

राजवाड्याचा कारभारी लांपोन. माणसं पेल्याने मारायचं काम त्याच्याकडे होतं आणि ते तो आवडीने करायचा. त्याने झार्डोकसला बोलावून घेतलं.

"आजच्या आज मरेल असं ताजं मूळ आण," तो म्हणाला. "आणि पोराला तूच भरव. बापाच्या हातचं गोड लागतं."

झार्डोकसने घरी जाऊन बारा गाठींचं फडकं उचललं. एक वर्ष म्हणजे थोडं नव्हे. नातवंडाचं तोंड दिसेल, पोरगा डोंगरापलीकडे निसटेल, पुढचं पुढे. त्यातलं अर्धं मूळ त्याने कुटलं आणि चार शिपायांसमोर, हात बांधलेल्या गासिसच्या तोंडाशी धरलं.

"खा," तो आपल्या बोलीत पुटपुटला. "बारा गाठींचं आहे. मेल्याचं सोंग घे, प्रेत मीच नेणार आहे."

"बरं, बा," गासिस म्हणाला आणि त्याने डोळा मारला.

थोड्या वेळाने तो आडवा झाला, हातपाय झाडू लागला. पोरगा सोंग छान वठवतोय, असं झार्डोकसला वाटलं. मग गासिसने स्वतःची जीभ चावून तोडली. दोरीत मनगटं सोलून निघाली, डोकं फरशीवर आपटून आपटून फुटलं, आणि तरी जीव जायला दुपार झाली. नजर शेवटपर्यंत बापावर होती. बापाने आपल्याला फसवलं, असंच समजून तो गेला.

लांपोनने प्रेताला पायाने ढोसलं. माल चोख आहे, म्हणाला.

तीन दिवसांनी झार्डोकस नेहमीसारखा सताप घेऊन लांपोनच्या दारी गेला. उरलेलं अर्धं मूळ त्याने पहाटेच दवात भिजल्या पानांना चोळलं होतं. सताप मुळात इतका उग्र, की चवीचा पत्ता लागत नाही. या दाराचा रिवाज असा, की विकणाऱ्याने आधी खायचं आणि खांबाची सावली एक पायरी उतरेपर्यंत उभं राहायचं. झार्डोकसने मूठभर पानं चावून गिळली.

"थांबायचंच आहे, तर ती कुत्र्याची गोष्ट सांग," लांपोन म्हणाला. पोरगा मेला तरी म्हातारा धंद्याला चुकत नाही, याची त्याला मौज वाटत होती.

झार्डोकस सांगू लागला. हेराक्लेसने तीन तोंडांच्या कुत्र्याला साखळी घातली आणि आपल्याच इथल्या गुहेतून फरफटत वर ओढलं. ओठांवर मुंग्या येऊ लागल्या. साखळी मांसात रुतली, उजेड डोळ्यांत घुसला, तिन्ही जबडे फेसाळले. हात कापायला लागले तसे त्याने ते काखेत दाबले. जिथे लाळ पडली तिथलं गवत करपलं आणि त्यातून हे रोप आलं. सावली अजून अर्ध्या पायरीवर होती. मग त्याने एकेका तोंडाची लाळ वेगळी सांगायला घेतली.

"बोबडं का बोलतोस रे?"

"म्हातारपण, कारभारी. दात राहिले कुठे."

सावली उतरली. लांपोनने अख्खी जुडी खाल्ली.

तेव्हा कुठे झार्डोकस खाली बसला. लांपोनने ओठांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग त्याने म्हाताऱ्याचा गळा धरला आणि डोकं पायरीवर आपटलं.

"किती गाठींचं होतं?"

"बारा."

लांपोनची पकड सैल झाली. त्याने लांब श्वास घेतला. वर्ष हातात होतं. अथेन्सला वैद्य होते, बंदरात जहाजं उभी होती. त्याने म्हाताऱ्याच्या बरगडीत लाथ घातली आणि म्हणाला, आता तुझी कातडी सोलून उतारा काढतो.

झार्डोकसने तोंडातलं रक्त थुंकलं.

"माझ्या गासिसला दिलं," तो म्हणाला, "तेही ह्याच फडक्यातलं होतं."

शिपायांना हाक मारायला लांपोनने तोंड उघडलं, पण जीभ हलली नाही.