सोल्फ्रिदबाईंचा डोंगर

नॉर्वेतल्या बर्गनच्या माणसाला कसलंही दुःख सांगा, तो आधी तुमच्या पायांतल्या बुटांकडे बघणार आणि म्हणणार, जरा डोंगरावर जाऊन ये. नोकरी गेली, डोंगर. बायको सोडून गेली, डोंगर. पाऊस तर गावाच्या पाचवीलाच पुजलेला, त्यामुळे ती सबब कुणी पुढे करत नाही. सोल्फ्रिदबाई या पंथातल्या अगदी कट्टर. छत्तीस वर्षं शाळेत व्यायाम शिकवला, निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, तेव्हा व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन म्हणाल्या, "मंगळवारी आणि शुक्रवारी तुमची माणसं माझ्याकडे द्या. मी त्यांना वर चढवते."

केंद्रानं दिली. हेरॉइननं पोखरलेली पाच-सहा माणसं सकाळी अकराला दगडी पायऱ्यांच्या पायथ्याशी जमू लागली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की हा उपचाराला हातभार आहे, उपचार नव्हे. चालल्यानं झोप लागते, भूक लागते, तलफेचा एखादा तास निभावून जातो. पण तलफेला बांधून ठेवते ती हेरॉइनच्या जागी दिलेली रोजची गोळी, जिभेखाली विरघळवायची. सोल्फ्रिदबाईंनी मान डोलावली. मनात म्हणाल्या, ही बाई कधी डोंगर चढलेली दिसत नाही.

त्या घोळक्यात योस्टाइन होता. तेराव्या वर्षी बाईंच्या वर्गात सगळ्यांत वेगानं पळणारा पोरगा. आता चौतिशीचा, गाल बसलेले. पन्नास पायऱ्या चढला, ओकला आणि तिथेच बसला.

"बाई, तुम्ही अजून जिवंत?"

"आहे. आणि तू?"

"बघू. आज कळेलच."

पुढच्या मंगळवारी तो परत आला. मग येतच राहिला. बाई त्याला शाळेतल्यासारखंच टोचायच्या, तुझ्यापुढे गोगलगाय गेली म्हणायच्या, आणि तो शिव्या घालत चढायचा. वर्षभरात सोळा मिनिटांत माथा गाठू लागला. वर बसून डब्यातला पाव आणि तपकिरी चीज खाता खाता दुसऱ्याच्या डब्यावर डोळा ठेवायचा. बोर्गहिलनं, त्याच्या आईनं, सहा वर्षांनी त्याला रविवारी जेवायला घरात घेतलं. बाईंना वाटलं, हे आपण केलं. थोडंफार केलंही होतं.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी माथ्यावर त्यानं विचारलं, "बाई, ही गोळी अजून किती दिवस? रोज औषधाच्या दुकानात जायचं आणि त्या पोरीला जीभ उचलून दाखवायची. लाज वाटते हो."

"तुझ्या पायांकडे बघ," बाई म्हणाल्या. "तुला कशाला हवीय आता ती? हा डोंगर आहे ना."

हसत म्हणाल्या. सर्दी झालेल्या, नापास झालेल्या, प्रेमात तोंडघशी पडलेल्या पोरांना त्या आयुष्यभर हेच सांगत आल्या होत्या. हेतू चांगला होता यात शंका नाही. पण आपण डॉक्टर नाही हे त्या क्षणी त्यांना आठवायला हवं होतं, आणि आठवलं नाही. याबद्दल त्यांना सूट द्यायला मी तयार नाही.

योस्टाइननं गोळी सोडली. केंद्रातून समजवायला फोन आले, त्यानं गोड बोलून वाटेला लावले. आठवड्यातून चारदा चढू लागला आणि मे महिना खरोखरच छान गेला. जूनमध्ये ओल्या दगडावरून पाय घसरला आणि गुडघा सुजला. सहा आठवडे चढायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता गोळीही नव्हती आणि डोंगरही नव्हता. सोल्फ्रिदबाईंनी दोनदा निरोप पाठवला, गुडघा सांभाळ म्हणून. त्यानं उत्तर दिलं नाही. आराम करत असेल, असं त्यांनी गृहीत धरलं. तिसऱ्या आठवड्यात तो खोलीत मेलेला सापडला. पूर्वी घ्यायचा तेवढंच हेरॉइन घेतलं होतं, पण शरीराची सवय मोडली होती. ते त्याला झेपलं नाही.

अंत्यविधीला सगळा घोळका डोंगराचेच बूट घालून आला. सोल्फ्रिदबाई मागच्या बाकावर बसल्या आणि कुणाशी न बोलता निघून गेल्या. आठ दिवसांनी बोर्गहिलनं त्यांना कॉफीला बोलावलं.

स्वयंपाकघर लख्ख आवरलेलं होतं. बोर्गहिलनं कॉफी ओतली, वॅफल पुढे केलं. "तुम्ही माझा मुलगा मला वर्षभर परत दिलात," ती म्हणाली. "तेवढं सांगायचं होतं."

बाईंना कॉफी पिऊन, डोळे टिपून घरी जाता आलं असतं. त्यांनी कप खाली ठेवला. "बोर्गहिल, गोळी सोड असं त्याला मीच सुचवलं. वर डोंगरावर. चेष्टेत म्हणाले, पण म्हणाले."

बोर्गहिल मेजावरचा चुरा एका बोटानं गोळा करत राहिली.

"ठाऊक आहे मला. त्याच दिवशी त्याचा फोन आला होता. आई, बाई म्हणतात मला आता गोळीची गरज नाही. इतका खूश होता. मी केक केला त्या संध्याकाळी."

बाईंना रडू आलं, पण या घरात आधी आपण रडणं बरं दिसणार नाही म्हणून त्यांनी ते गिळलं.

"एकच सांगा," बोर्गहिल म्हणाली. "घेत राहा असं म्हणाला असतात, तर त्यानं घेतली असती?"

'कोण जाणे,' एवढं बाईंनी म्हटलं असतं तरी दोघींना पुढची वर्षं जरा हलकी गेली असती. बाईंनाही ते कळत होतं.

"घेतली असती," त्या म्हणाल्या. "तो माझं ऐकायचा."